वेदीवरचा कप

११ ऑगस्ट, रविवार

भिंगरीस,

आबाचा आशीर्वाद. एक हात तुझ्या डोक्यावर ठेवला आहे असं समज. दुसऱ्यात सुई आहे, तेव्हा फार हलू नकोस.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू छान बोलतेस. माझं जेवण, माझा गुडघा, तुझ्या प्रयोगशाळेतल्या खडूस बाई, सगळं सगळं होतं. पण चॅपलचं नाव काढलं की तुझ्या दारावर कुणीतरी टकटक करतं. दर वेळी. त्या गावातल्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का? म्हणून आता पत्र. पत्र मधेच ठेवून देता येतं, पण ते तिथेच पडून तुझ्याकडे बघत राहतं.

तू गेल्यापासून खुर्च्यांचे फार हाल चाललेत. रविवारी दुपारी तुझी गिटारवाली मंडळी येऊन खुर्च्या गोल मांडतात. ती चहाला गेली की आपल्या पट्टीची, त्या मोजपट्टीसारख्या ताठ पोराची, मंडळी येतात आणि त्याच खुर्च्या सरळ रांगेत लावतात, गुडघे टेकायच्या गाद्यांसकट. संध्याकाळी मिस्सेच्या उपासनेला फादर येतात तेव्हा निम्म्या खुर्च्या पूर्वेला तोंड करून आणि निम्म्या एकमेकींकडे बघत. परवा फादरांनी स्वतःच त्या अर्धगोलात मांडल्या. मला म्हणाले, "आबा, दोन्ही पक्षांना अर्धचंद्र दिला." तरणा माणूस, पण केस पिकायला लागलेत त्याचे.

आता त्या कपाबद्दल. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे. पण मी वेदीमागच्या कपड्यांच्या खोलीत दार अर्धं उघडं ठेवून झग्याची बटणं लावत होतो, आणि मला जे दिसलं ते तुला आणि पट्टीला, दोघांनाही दिसलं नव्हतं.

तुझ्या एका हातात गाण्यांचे कागद होते, काखेत गिटार, आणि दुसऱ्या हातात चहाचा कप. त्यात त्या नव्या पोरीला सूर दाखवायचा होता. हात कमी पडला म्हणून कप वेदीवर गेला. एवढंच. देवाचा अपमान करायला माणूस निवांत लागतो, तू घाईत होतीस. आणि पट्टीने तो उचलला तेव्हा तू त्याच्या तोंडाकडे बघत होतीस, मी हातांकडे. माप घेणाऱ्याची नजर हातांवरच जाते. त्याने तो कप दोन्ही हातांनी उचलला, फादर पवित्र कटोरा उचलतात तसा, आणि हात इतके थरथरत होते की चहा सांडला. म्हणजे कप तुझा, पण डाग त्याचा. हे तुम्हा दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण तोवर जिभा सुटल्या होत्या.

"हे टेबल नाही," तो म्हणाला.

"तो शेवटी जेवला ते टेबलच होतं," तू म्हणालीस.

इथवर ठीक होतं. इथवर तर फादरही हसले असते. पुढे तो म्हणाला की काही जणांना देव नको असतो, प्रेक्षक हवे असतात. आणि तू म्हणालीस की काही जणांना देव काचेच्या कपाटात हवा असतो, कुणाचा हात लागू नये म्हणून. मग तू चॅपलची किल्ली खुर्चीवर ठेवलीस आणि अनवाणीच निघून गेलीस. चपला मागाहून मी आणल्या. चॅपलमध्ये अनवाणी फिरतेस यावरूनही त्याची कुरकुर असायची, म्हणून तू मुद्दामच त्या विसरलीस असं वाटून पट्टीला आणखी राग आला. माझी नात चपला मुद्दाम विसरत नाही, ती जन्मापासून विसरते, हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही.

पहिल्या इयत्तेपासून एका डब्यात जेवलेली पोरं तुम्ही.

वेदीचं वस्त्र मी तीनदा धुतलं. मीठ लावलं, लिंबू लावलं, उन्हात घातलं. डाग फिका झाला, गेला नाही. कपाच्या बुडाएवढा गोल आणि त्याला एक शेपटी. चहा पक्का होता, तुझ्या हातचा. सध्या त्यावर फुलदाणी ठेवतो.

तू तिथे मिस्सेला जातेस का, हे मी विचारत नाही. विचारलं असं समज.

गुडघा बरा आहे.

तुझा आबा


२० ऑगस्ट

भिंगरे,

आज एका माणसाची ओळख करून देतो. चॅपलमध्ये मागच्या खुर्चीवर एक मुलगी बसते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. तू तिला पाहिलं असशील, पण ती इतकी गप्प की लक्षात राहिली नसेल. ती आपल्या धर्मातली नाही, कुठल्याच धर्मात वाढलेली नाही. मी तिला पाहुणी म्हणतो.

गेल्या वर्षी तिच्या वॉर्डातलं एक म्हातारं माणूस तिचा हात धरून गेलं. तिने पाहिलेला पहिलाच मृत्यू. ती बाहेर पडली आणि वाट फुटेल तिकडे चालत सुटली. आपल्या चॅपलमधून गाणं ऐकू येत होतं, तुझा आवाज, आणि दारात चपलांचा ढीग. तिला वाटलं कुणाच्या तरी घरी काहीतरी चाललंय, आपण आत गेलो तर कुणी हाकलणार नाही. ती आत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली तेव्हा गाणं नव्हतं. पट्टी आणि त्याचे दोघं-तिघं गुडघ्यांवर होते, अगदी चिडीचूप. तीही बसली. मला म्हणाली, "आबा, गाण्यामुळे मी आत आले, पण रडायला आलं ते त्या शांततेत."

आता ती बाप्तिस्मा घेणार आहे. वर्षभर फादरांकडे शिकली. रीत ईस्टरच्या रात्रीची, पण ऑक्टोबरमध्ये तिला लांबच्या इस्पितळात रुजू व्हायचंय, जिथे आसपास चर्च नाही. म्हणून बिशपांकडून २९ सप्टेंबरची परवानगी आणली आहे. सप्टेंबर हुकला तर मग दोन वर्षं तरी नाही.

आणि आता मुद्दा. बाप्तिस्म्याच्या वेळी पाठीशी उभा राहणारा धर्मपिता म्हणून तिने पट्टीला विचारलं, आणि धर्ममाता म्हणून तिला तू हवी आहेस.

फादरांनी तिला समजावलं की दोघं असावीतच असं नाही, एकानेही भागतं. आणि दुसरी कुणी हवी असेल तर मठातल्या सिस्टर आहेत. पाहुणी हळू आवाजात म्हणाली, "मग मी थांबते." फादर म्हणाले, थांबायला वेळ कुठाय? ती म्हणाली, "मला एकाने आत आणलं आणि एकाने बसवलं. त्यातल्या एकालाच कसं उभं करू?" मी दोरा ओवत बसलो.

ती प्रश्न मोठे मजेशीर विचारते. परवा म्हणाली, "आबा, तुम्ही फादरांना अहो-जाहो करता आणि देवाला अरे-तुरे. उलटं नको का?" तुला माहीत आहे, मी शाळेत फार टिकलो नाही. अक्षरं शिकलो ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि स्तोत्रांच्या पुस्तकावरून. पण याचं उत्तर मला येत होतं. मी म्हटलं, बाई, आपण आईला तू म्हणतो आणि आईच्या साहेबांना तुम्ही, म्हणून आई साहेबांपेक्षा लहान होते का?

मग तिला तुझ्या आजीबद्दल सांगितलं. आजी भाजी चिरताना देवाशी बोलायची ते तुला आठवतं का? "ऐकतोयस ना रे? की झोपलास?" एकदा तर रागाने त्याला विळी दाखवली होती. आणि तीच बाई चर्चच्या पायरीवर आली की डोक्यावरून पदर घ्यायची, बोटं पाण्यात बुडवायची आणि आत पाऊल टाकताना अशी टाकायची की जणू आत बाळ निजलंय. दोन बायका नव्हत्या त्या. एकच होती, आणि तिला कधी प्रश्न पडला नाही की यातली खरी कुठली.

पाहुणी म्हणाली, "मला तशी व्हायचंय." मी म्हटलं, विळी तेवढी जपून.

तुझं उत्तर येईल तेव्हा येईल. घाई नाही. म्हणजे आहे, पण तुला नाही.

वाट बघणारा,
आबा


२ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर फार छान आलंय, मजकूर तेवढा नाही. "तिला दुसरी कुणीतरी शोधायला सांगा. मी त्याच्या शेजारी उभी राहणार नाही." बरं. कार्ड मी शिवणयंत्राच्या खणात ठेवलंय. पाहुणीला अजून सांगितलेलं नाही. निरोप्या म्हणून मी पहिल्यापासून कच्चाच.

इकडे एक गंमत झाली, ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि सांगायची कुणालाच नाही. तू लांब आहेस म्हणून तुला.

शनिवारी पट्टी आला, विजार आखूड करायला. विजार बरोब्बर मापाची होती. मीच शिवलेली, मला कळणार नाही? तरी मी ती उलटी करून बघितली, हं हं केलं. तो दारात उभा, नेहमीसारखा ताठ. म्हटलं, बस, खुर्ची चावत नाही. मग बसला. बराच वेळ टाचण्यांच्या डबीशी खेळला आणि म्हणाला की पाहुणीला जे हवंय ते त्याच्यामुळे अडलं. त्या दिवशी कपाबद्दल बोलला त्याचं त्याला काही वाटत नाही, वेदी ती वेदीच. पण "प्रेक्षक" म्हणाला ते त्याला झोपू देत नाही. मी म्हटलं, हे मला का सांगतोस? जिला सांगायचं तिला सांग. तो म्हणाला, तिने माझा फोन बंद करून टाकलाय. मग त्याने बेत सांगितला: येत्या रविवारी त्याची मंडळी एकही लॅटिन गाणं म्हणणार नाहीत. सगळं गायन गिटारवाल्यांवर सोडायचं, आणि ते टाळ्या वाजवतील तर आपणही वाजवायच्या. "पण त्यांना आधी कळता कामा नये, आबा. नाहीतर उपकार केल्यासारखं होईल." माझ्याकडून शब्द घेतला.

काल बोका आला. तू गेल्यावर गिटार त्याच्याकडे आहे. मी चहा ठेवला की जिथे असेल तिथून उगवतो, म्हणून बोका. दोन कप पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आबा, आमच्यात ठरलंय. रविवारी आम्ही गिटार आणायचीच नाही. त्यांना म्हणू दे त्यांचं लॅटिन. आम्ही गुडघे टेकून गप्प बसणार. पण आधी सांगू नका हं, त्यांना वाटायचं आम्ही हरलो." त्यानेही शब्द घेतला.

आता मी काय करू? दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. दोघांनाही म्हटलं, वा, छान बेत आहे.

विजार मी दोन दिवस ठेवून घेतली आणि आज नुसती इस्त्री करून परत दिली. म्हणाला, आता बरोबर बसते.

तोंडाला कुलूप लावून बसलेला,
आबा


८ सप्टेंबर, रविवार

भिंगरे,

जेवणसुद्धा न करता लिहायला बसलोय.

मी मुद्दाम लवकर जाऊन बसलो, कोपऱ्यात, खांबाशेजारी. पहिला नमुना खुर्च्यांचाच. दुपारी पट्टीच्या पोरांनी येऊन त्या गोल मांडल्या, दुसऱ्या बाजूला बरं वाटावं म्हणून. नंतर बोका आणि मंडळी आली. गोल बघून त्यांना वाटलं हा आपलाच मागच्या आठवड्याचा पसारा राहिलाय, म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी घाम गाळून सरळ रांगा केल्या, गाद्या अंथरल्या. मी खांबाआडून बघत होतो. ओठ चावून चावून दुखायला लागले.

घंटा झाली. सगळे उभे राहिले. फादर दारातून निघाले. गाणं नाही. पट्टी बोक्याकडे बघतोय, बोका पट्टीकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव, "तुम्ही आधी." फादरांच्या नव्या कॅनव्हासच्या बुटांचा चीक चीक आवाज सगळ्या चॅपलभर. एरवी गाण्यात बुडतो तो. वेदीपर्यंत ते तसेच चालत आले, वळले, आणि दोन्ही बाजूंकडे बघितलं. मला वाटतं त्यांना तिथेच कळलं. मिशीत हसले, मिशी नसली तरी. मग त्यांनी मिस्सा सुरू केली, साध्या बोलण्यात.

सुरुवातीला पोरं कावरीबावरी झाली. कुणी खोकतंय, कुणी चुळबुळतंय. मग हळूहळू ते थांबलं. ना लॅटिन, ना गिटार. वाचन झालं ते ऐकू आलं. फादर भाकर मोडतात त्याचा आवाज होतो, हे मला इतक्या वर्षांत आज कळलं. वाळलेलं पान मोडावं तसा. बोका गुडघ्यांवर होता. नाटक म्हणून टेकले होते त्याने, पण नंतर उठायचं विसरला. आणि पट्टीची पोरं, टाळ्या वाजवायला तयार होऊन आलेली, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

कम्युनियनची भाकर घेऊन झाली. सगळे परत जागेवर. आणि कुणीतरी गायला लागलं.

तुझी ती चाल. मेंढपाळाच्या स्तोत्राला तू लावलेली, जिला पट्टी "चहाच्या टपरीवरची" म्हणायचा. तुझी चाल उड्या मारत जाते, ही मात्र धीमी, एकेका शब्दावर पाय रोवत. गिटार नाही, टाळ्या नाहीत. आवाज असा की न वंगणलेलं दार. आधी मला ओळखू येईना, कारण तो माणूस गाताना मी कधी ऐकलाच नव्हता. तो नेहमी ओठ हलवतो फक्त.

तुला सांगू नका म्हणून त्याने मला बजावलंय. सांगत नाहीये मी. लिहितोय.

सगळी कडवी त्याला पाठ होती, भिंगरे. जी चाल माणसाला आवडत नाही तिची सगळी कडवी पाठ कशी होतात? दुसऱ्या कडव्याला बोक्याने आवाज मिळवला, मग मागून पाहुणीने, मग सगळ्यांनीच. इतकी हळू म्हटली की मला वाटलं तुझी चाल आहे आणि शांतता त्याची. फादर डोळे मिटून बसले होते.

नंतर बाहेर व्हरांड्यात कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी बोका म्हणाला, "तुम्ही का नाही गायलात?" पट्टी म्हणाला, "तुम्ही का नाही गायलात?" मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझं दूध उतू जात असेल, आणि निघालो. गुडघा असा पळाला, वीस वर्षांपूर्वीचा असावा.

तुझा,
शब्दाला जागलेला आबा


१७ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं उत्तर आलं. एका ओळीचं. "पट्टी कुठल्या पट्टीत गायला?"

कुठल्याच नाही, बाई. तीन बदलल्या.

ती ओळ मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. फादरांना दाखवली नाही, पाहुणीला नाही. पण इस्त्री करताना मी शीळ घालत होतो म्हणे, बोका सांगत होता.

इकडची तयारी सांगतो. पाण्याने बाप्तिस्मा झाला की नव्या माणसाला पांढरं वस्त्र घालतात, आणि ते धर्ममाता-धर्मपित्याने घालायचं असतं. पाहुणीचं वस्त्र मी शिवतोय. नवं कापड आणायला निघालो होतो, पण मग म्हटलं, वेदीचं जुनं वस्त्र आहे की. काठाला विरलंय, मधे एकदम मजबूत. मऊ तर इतकं की बाळाला गुंडाळावं. फादरांना विचारलं. ते म्हणाले, देवाच्या टेबलावरून देवाच्या लेकराच्या अंगावर, यात हरकत कसली. बघ, तेही टेबलच म्हणाले.

पट्टीला मात्र धाकधूक. कात्री लावायच्या आधी म्हणाला, "आबा, वेदीवस्त्र कापायचं?" मी कात्री त्याच्यापुढे धरली आणि म्हटलं, तूच सांग कसं कापू. गुडघ्यांवर बसून त्याने छोटी प्रार्थना केली. मी थांबलो. मला ते आवडलं. चाळीस वर्षं मी कापडं कापतोय, कात्रीआधी हात जोडायचं मला कधी सुचलं नाही. बोका फीत धरून उभा होता, तो जांभई देत होता. देवाला दोन्ही लागत असतील. एकाने हात जोडायचे, एकाने फीत धरायची.

इस्त्री पट्टीने केली. सुरकुती दिसली की परत पाणी मारून परत इस्त्री. शेवटी मी म्हटलं, बाबा रे, हे माणसाच्या अंगावर जाणार आहे. माणूस श्वास घेईल, वाकेल, रडेल. सुरकुती पडणारच. तो म्हणाला, "पडू दे. पण आमच्याकडून सरळ गेलं पाहिजे." तेही खरंच.

काल चॅपलमध्ये सराव झाला. पाहुणी मधे, उजवीकडे पट्टी. डावीकडे कुणी नाही. सिस्टर म्हणाल्या, मी नुसती उभी राहते जागा कळायला. पाहुणी म्हणाली, "नको सिस्टर, जागा मला कळते." मग तिने संपूर्ण सराव डावीकडे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून केला. वळताना त्या रिकाम्या जागेला वाट दिली. कार्ड अजून खणातच आहे. मी तिला सांगायला गेलो की ती म्हणते, आबा, तुमचा चहा निवतोय.

तुला ये म्हणून मी लिहिणार नाही. तू लहान नाहीस, आणि ओढून आणलेली धर्ममाता काय कामाची? वेदीपुढे दोघांनी एकमेकांकडे पाठ करून उभं राहण्यापेक्षा एकटा पट्टी परवडला. तेव्हा मनातून यायचं असेल तरच.

तुमच्या गावाहून सकाळची बस इथे साडेअकराला पोचते आणि दुपारची साडेचारला. बाप्तिस्मा पाचला आहे. हे मी सहज चौकशी केली म्हणून लिहिलं.

आबा


३० सप्टेंबर, सोमवार सकाळ

भिंगरे,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीये. तू भिंतीपलीकडे झोपली आहेस, घोरतेस, आजीवर गेलीस. पण पत्राची सवय लागली, आणि कालचं काही तोंडाने सांगायला गेलो तर माझंच दार कुणीतरी वाजवेल.

तुला कालचं सगळं तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूचं हे.

पाच वाजले होते. साडेचारची वेळ टळून गेली होती, मी स्वतः स्टँडवर जाऊन बघून आलो होतो, ना बस, ना तू. (बस वाटेत बंद पडली आणि तू मालाच्या टेम्पोत बसून स्टँडपर्यंत आलीस हे मला कुठून ठाऊक?) फादर दारात, पाहुणी त्यांच्यामागे. फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी घंटेला हात घातला, आणि पाहुणी म्हणाली, "एक मिनिट." पहिल्यांदाच तिचा आवाज हललेला ऐकला. तोंड पांढरंफटक. पट्टीने तिला काहीतरी विचारलं, तिने मान खाली घातली.

तेवढ्यात तू आलीस. केस विस्कटलेले, खांद्यावर पिशवी, एका हातात तुटलेली चप्पल, दुसरी कुठे पडली देव जाणे. धापा टाकत सरळ तिच्या डावीकडे जाऊन उभी राहिलीस. ना हॅलो, ना काही. आणि मग तुझं तुलाच उमगलं की तू अनवाणी आहेस. तू पट्टीकडे बघितलंस, आता हा बोलणार अशा तयारीने. हनुवटी वर. मला ती हनुवटी तू दोन वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

तो खाली बघत होता. तुझ्या पायांकडे, धुळीने भरलेल्या. मग वाकला, नाड्या सोडल्या आणि त्याने बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. पट्टीच्या मोज्याला भोक, हे मला आयुष्यभर पुरेल. तो म्हणाला, "जमीन पवित्र आहे म्हणून मोशेला देवाने जोडे काढायला सांगितले होते. मीच इतके दिवस घालून फिरतोय."

तू म्हणालीस, "मोजे पण काढ. अंगठा बघतोय सगळ्यांकडे."

पाहुणी हसली. हसता हसता तिच्या तोंडावर रंग आला. मग तिनेही चपला काढल्या, आणि मागून बोक्याने, आणि फादरांनी ते चीक चीक बूट. व्हरांड्यात पुन्हा चपलांचा ढीग झाला. ती वर्षापूर्वी आली तेव्हा होता तसा.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. पाणी तिच्या कपाळावरून वाहिलं. आधी लॅटिन झालं, मग तुझी चाल, उड्या मारणारी, आणि टाळ्यांत एक हात सतत चुकत होता. तो पट्टीचा. कम्युनियन उभं राहून घ्यायचं की गुडघ्यांवर, हातात की जिभेवर, यावर तुमच्या दोन्ही मंडळींत मागे एवढं रामायण झालं होतं. ती पहिलं कसं घेते ते मी बघणारच होतो. पण त्या क्षणी माझे डोळे मिटले होते. बोक्याला विचारलं, त्याने मान खाली घातली होती. पट्टीचा चष्मा धुरकटला होता. तुला काल जेवताना विचारलं तर तू म्हणालीस, "लक्षात नाही, आबा." आता ते फक्त तिला, फादरांना आणि देवाला माहीत. तिथेच राहू दे.

आणि एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. फादरांनाही नाही. वस्त्र बेतताना तो डाग टाळता येत होता, कापड भरपूर होतं. मी टाळला नाही. मानेखाली, पाठीच्या मधोमध घेतला आणि वरून दुसरा पदर चढवून शिवून टाकला. बाहेरून एक ठिपका दिसत नाही. तुम्ही दोघांनी तिला ते वस्त्र घातलंत तेव्हा ते मागे जरा गोळा झालं होतं. तू डावीकडून हात घातलास, तो उजवीकडून, नीट करायला. दोघांचे हात पाठीच्या मधोमध एकमेकांना लागले. आठवतं? मी बघत होतो, हातांकडेच बघतो मी. दोघांनीही हात काढला नाही. त्या हातांखाली तो डाग होता.

पाहुणी परवा निघेल. तिला आता पाहुणी म्हणता येणार नाही, दुसरं नाव शोधायला हवं. वस्त्र बरोबर नेते म्हणाली.

मी चॅपलमध्ये चाललोय, खुर्च्या लावायला. कशा लावायच्या ते कुणी सांगितलेलं नाही, बघतो. पट्टी सकाळी यायचाय, तुझी दुसरी चप्पल स्टँडवर सापडली म्हणे त्याला. आला की चहा दे. कप काठोकाठ भरू नकोस, त्याचे हात अजून थरथरतात.

आबा